मावशीचं डोरलं

आमच्या पिच्चरमधला सगळ्यात भारी सीन पिच्चरमधी न्हाईच. अंकुशनगरकडं उसाच्या फडात शूटिंग चालू होतं. चोरीच्या सोन्याचा सौदा फिसकटतो अन् मी आमच्यातल्या बारक्या बंड्याच्या डोक्याला खोटं पिस्तूल लावतो, असा सीन. बंड्या असा रडला, की ऊस तोडणारी एक मावशी कोयता टाकून पळत आली. गळ्यातलं डोरलं काढून माझ्या हातावर ठेवलं.

“हे घे बाबा, पण लेकराला सोड.”

“मावशी, हे खोटं हाय. पिच्चर हाय,” मी म्हणलो.

तेवढ्यात आमचा डायरेक्टर संतोष म्हणतो, “मावशी, कॅमेरा बंद होता. बराबर असंच परत करता का?”

“तसं परत न्हाई येत, बाबा.” डोरलं घेऊन ती गेली.

पिच्चरमधी बंड्या तिथंच मरतो. परत घेतलेल्या सीनमधलं त्याचं रडणं बघून लोक खदाखदा हसतात.