ताडकळसच्या कण्या

कण्यांचं नाव निघालं म्हणून सांगतो. निजामी जाऊन चार-पाच वर्षं झाली असतील. ताडकळसला आमच्या घरी स्कॉटलंडचा एक साहेब उतरला होता, विहिरींचं पाणी तपासायला. पहिल्याच जेवणात त्यानं हौसेनं ठेचा खाल्ला आणि पोट बिघडलं. दोन दिवस पोटात अन्न ठरेना. माझं शिक्षण उर्दूतलं, इंग्रजी तोडकंमोडकं. तरी दुभाषी मीच.

वडील घाबरले. "परमुलखातला माणूस आपल्या घरात दगावला तर?"

आत्या चुलीपुढून म्हणाली, "दादा, तू गप बस. मी कण्या शिजवायलेय."

तिनं भरडलेली ज्वारी चिमूटभर मीठ घालून मऊ शिजवली आणि वरून दूध ओतलं. साहेबानं एक घास घेतला, थांबला आणि डोळे पुसायला लागला.

"काय झालं रं? तिखट तर न्हाई टाकलं," आत्या दचकून मला म्हणाली.

मी विचारलं. तो म्हणाला, आमच्याकडं ओट नावाचं धान्य असतं, मी आजारी पडलो की आई त्याचं असंच करून द्यायची.

हे ऐकून आत्या लय खूश झाली. "मग गावाकडं गेल्यावर मायला सांग म्हणावं, एकदा ज्वारीचं करून बघ."

मी तेही सांगितलं. तो म्हणाला, आई मागच्या हिवाळ्यात गेली.

आत्यानं पातेल्यातल्या उरलेल्या कण्या त्याच्या वाटीत ओतल्या. मग माझ्याकडं न बघताच म्हणाली, "आता माझं काही इंग्रजीत सांगू नको. नुसतं खा म्हण."