खिशातला कांदा

चक्कर येण्यावरून आठवलं. आमची नेऱ्याची मामी उभ्या-उभ्या धाडकन पडायची. मग मामा कांदा फोडून तिच्या नाकाशी धरायचा. त्यासाठी तो कायम खिशात कांदा बाळगायचा, अगदी लग्नाला जातानासुद्धा. शेवटी पनवेलच्या डॉक्टरांना कळलं, तिच्या हृदयाचे ठोके मध्येच थांबतात. त्यांनी पेसमेकर बसवला आणि पडणं बंद झालं.

परवा तपासणीला मी सोबत होतो. डॉक्टरांना मामाचा फुगलेला खिसा दिसला.

"हे काय, काका?"

"कांदा."

"अहो, आता पेसमेकर आहे ना! कांदा कशाला?"

मामा ओशाळला, पण खिशावरचा हात काही काढेना. तेव्हा मामीच म्हणाली, "ऱ्हाऊ द्या, डाक्टर. माजं मशीन छातीत हाय, ह्यांचं खिशात."