अक्काचं भरलेलं पोट

तुम्ही ऊठसूट ‘सॅड’ म्हणता ना, त्या शब्दाचा जुना अर्थ मला साक्रीला कळला, तोही दुखवट्यात. आमचे दाजी गेले तेव्हा. घरात चूल बंद, भाऊबंदांकडून डबे येत होते. जो येई तो माझ्या बहिणीला, अक्काला, ‘दोन घास खाई ले’ म्हणून छळायचा. त्यात मीही होतो.

तिचं एकच, “पोट भरेल शे.”

मी चिडलो. “कालपासून नुसतं पाणी पितेस. भरलं कशानं?”

तिची पोरगी धुळ्याला इंग्रजीत एम.ए. करते. रडून डोळे सुजलेले. ती हळूच म्हणाली, “मामा, सॅडचा मूळ अर्थ पोट भरलेला. भरून भरून जड झालेला. दुःखी हा अर्थ नंतर आला.”

मी ताट बाजूला सारलं. विचारलं, “अक्का, दाजी सकाळी उठून पहिलं काय करायचे?”

अक्का बोलायला लागली. दाजींची विडी, त्यांचं घोरणं, तिला न विचारता विकलेली म्हैस. म्हशीपाशी हसली, मग पोटभर रडली. डबे गार झाले.

शेवटी पदरानं तोंड पुसून म्हणाली, “आते अर्धी भाकर दे. आते पोटमा जागा व्हयनी.”