सहाव्या नावाची जागा

शिहो : दोन-दोनच बांधायचे ना?

आई : दोन-दोन. पानांच्या बाजूनं. आणि घट्ट बांध बाई, वाळले की सैल पडतात. मागच्या वर्षी अर्धे मुळे वळचणीखाली आणि मांजर त्यांच्यावर झोपलेलं.

शिहो : मांजराला काय करायचेत मुळे?

आई : विचारलं मी त्याला. थांबलेसुद्धा. काही बोललं नाही.

शिहो : तू कुणासाठीही थांबतेस. परवा फोनवर "जेवलीस का" म्हणालीस आणि गप्प. मी हॅलो हॅलो करत बसले.

आई : जुनी खोड. प्रश्न विचारला की मनात तीन मोजायचे. मुलांना उत्तर द्यायला तेवढा वेळ लागतो.

शिहो : मी एक्कावन्न वर्षांची आहे.

आई : तुला पाच लागतात.

शिहो : हा मुळा किडका आहे.

आई : बाजूला ठेव, सूपमध्ये टाकू. शिहो, टीव्ही केंद्राचं पत्र आलंय. त्या टोपलीत बघ, चहाच्या डब्याखाली.

शिहो : वाचते. "पाकोळ्यांची सकाळ या शिशुवर्गाच्या प्रसारणास येत्या वसंतात पन्नास वर्षे पूर्ण होत असून" वगैरे वगैरे. एकाच वाक्यात तीन वेळा "होत असून". कुणी तपासत नाही का यांची पत्रं?

आई : तू घरी आलीस की मुद्रितं तपासणं थांबव. पुढे वाच.

शिहो : "नाझुनाताई या नावाने आपण पहिली चार वर्षे." हं. "त्या काळातील एकही टेप केंद्राकडे उरलेली नाही." का गं?

आई : टेप महाग असायच्या. सकाळी मुलांचं व्हायचं, संध्याकाळी त्याच टेपवर सुमोची कुस्ती. मी हजारावर सकाळी हात हलवला, शिहो, आणि दरवेळी माझ्या अंगावर एक जाडा माणूस येऊन बसला.

शिहो : "तथापि एक भाग नुकताच मिळाला आहे."

आई : एका विजेच्या सामानाच्या दुकानदारानं घरी उतरवून घेतला होता. त्याच्या मुलाचा वाढदिवस होता त्या दिवशी, नाव घेणार होते मी. मुलगा आता आजोबा झाला म्हणे. आमचा केंद्रातला जुना ओगिसो घेऊन येणार आहे पुढच्या रविवारी. तू ये.

शिहो : मी कशाला? मी रोज बघितलंय ते. तू शहरात, मी इथे आजीजवळ. तू मला शनिवारी रात्री दिसायचीस, बाकी जगाला रोज सव्वाआठला.

आई : एक दिवस तू पूर्ण नाही बघितलास.

शिहो : कुठला?

आई : नऊ फेब्रुवारी. सहावा वाढदिवस तुझा. टीव्हीवर कापड टाकलंस आणि निघून गेलीस.

शिहो : म्हणजे आजीनं चुगली केली.

आई : त्याच दिवसाची टेप आहे.

शिहो : आई, मला नाही बघायची ती. आणि पुढच्या रविवारी नाही जमणार, छापखान्यात डिसेंबरचा अंक चाललाय. नंतर कधीतरी बघू.

आई : बरं.

शिहो : रागावलीस?

आई : नाही गं. चाळीस वर्षांहून जास्त थांबलेय, आणखी एक रविवार. निघ आता, साडेचारची बस आहे ना? मुळे मी टांगते. तू पुढच्या वेळी आलीस की मुरायला कोंड्यात घालू.

शिहो : शिडीवर चढू नकोस.

आई : नाही चढत. शिहो!

आई : शिहो! हातमोजे राहिले तुझे.

शिहो : ऐकलं गं. बूट काढून परत येतेय.

आई : ऐकलं तर ओ द्यावी माणसानं.

शिहो : सहा वर्षांची आहे का मी?

आई : तेव्हा तरी कुठे दिलीस?

शिहो : तेव्हा हाक कुणी मारली होती?

आई : घे हातमोजे. बस चुकेल.

(सव्वीस दिवसांनंतर. तेच घर. वळचणीला मुळे टांगलेले आहेत.)

ओगिसो : उदबत्ती लावली. फोटो छान निवडलात, ताई अगदी अशाच हसायच्या. अर्धं तोंड बंद ठेवून.

शिहो : बसा, ओगिसोकाका. चहा गार होतोय.

ओगिसो : एकोणपन्नासाव्या दिवसाचा निरोप कधी?

शिहो : अजून पंचवीस दिवस.

ओगिसो : म्हणजे ताई अजून घरातच आहेत.

शिहो : असं म्हणतात.

ओगिसो : तुम्हाला नाही वाटत?

शिहो : मला आवाज वगैरे येत नाहीत. पण इथे आले की कुणीतरी नुकतंच काही विचारलंय आणि आता थांबलंय, असं वाटत राहतं. भांडी घासतानासुद्धा. मी नळ बंद करून उभी राहते.

ओगिसो : झालं कसं?

शिहो : मंगळवारी. मी रविवारी येऊन गेले होते. रेडिओवर सकाळचा व्यायाम लागतो ना, तो पूर्ण केला आणि ओसरीवर टेकली. शेजारच्या बाईंना वाटलं ऊन खातेय.

ओगिसो : व्यायाम पूर्ण केला. ताईंचं सगळं वेळेत असायचं. एकोणचाळीस मिनिटं वीस सेकंदांचा कार्यक्रम, एकोणचाळीस वीसलाच संपायचा. बाहेर ते मुळे फार वाळलेत हो.

शिहो : माहीत आहे. मी बांधले, तिनं टांगले. काढायला हात होत नाही.

ओगिसो : टेप मी चकतीवर उतरवून आणलीय. पण एक विचारू का आधी? तुम्ही ताईंची मुलगी आहात हे मला अंत्यविधीच्या दिवशी कळलं. मी चार वर्षं त्यांच्या पायाशी बसलोय. कॅमेऱ्याच्या खाली, बोटांनी सेकंद दाखवत. आम्हाला वाटायचं ताई एकट्याच आहेत.

शिहो : मी दोन वर्षांची असताना बाबा वारले. तिनं अर्जावर "अविवाहित" लिहिलं. ताई म्हणजे सगळ्यांची ताई हवी, कुणाची आई नको, असा नियम होता म्हणे तुमच्याकडे.

ओगिसो : लिहिलेला नव्हता. पण होता. तांदळाच्या चकल्या बनवणारी कंपनी कार्यक्रम चालवायची, त्यांच्या डब्यावर ताईचं चित्र असायचं. आमच्या साहेबांना ठाऊक होतं?

शिहो : नंतर कळलं त्यांना. त्यांनी तिला सांगितलं, ठेवतो तुला, पण त्या मुलीचं नाव या इमारतीत निघालं तर दुसऱ्या दिवशी दुसरी ताई उभी करीन. हे मला आजीनं सांगितलं, मी बारा वर्षांची झाल्यावर.

ओगिसो : आणि तुम्ही बघत होतात. इथून.

शिहो : रोज. तो मोज्यापासून केलेला पाकोळा, पिको. ते म्हातारे कवायतीचे मास्तर. सगळं तोंडपाठ. पण मला हवी होती ती शेवटची पाच मिनिटं. वाढदिवसाची नावं.

ओगिसो : रोज पाच नावं, पोस्टकार्डांतून निवडलेली. ताईंचीच कल्पना ती! आमचा कार्यक्रम सुरू होण्याआधी सकाळी सव्वाआठला पडद्यावर नुसते रंगीत पट्टे असायचे, विश्वास बसणार नाही तुम्हाला. नाव घ्यायचं, मग तीन सेकंद गप्प, मी खाली तीन बोटं मिटवायचो. घरात मूल ओ देणार. मग ताई म्हणणार, "ऐकलं हं मी." पोती भरून पत्रं यायची. आमच्या बाळाला खरंच वाटतं हो, तुम्ही ऐकता.

शिहो : मला माहीत होतं ती ऐकत नाही. पण आजी दरवर्षी माझं कार्ड टाकायची. तिसऱ्या वाढदिवसाला, चौथ्या, पाचव्या. मी तोंड धुऊन, मांडीवर हात ठेवून बसायचे. सहावा शेवटचा होता. एप्रिलपासून शाळा, मग नावं घेत नाहीत.

ओगिसो : आणि सहाव्याला?

शिहो : पाचवंही नाव दुसऱ्याचं निघालं. मी उठले, टीव्हीवर कापड टाकलं, आणि बूट घालायला गेले. त्यानंतर कधीच बघितलं नाही. पुढच्या महिन्यात ती स्वतःच नोकरी सोडून घरी आली, मासेवाल्यांच्या सोसायटीत कामाला लागली. मला वाटलं, कंटाळली असेल.

ओगिसो : सोडली नाही हो त्यांनी. काढलं. तेच तर मला दाखवायचंय. त्या भागात एक चूक आहे. मी पंचेचाळीस वर्षं ती डोक्यात घेऊन फिरतोय. दिलगिरीचं पत्र आम्हा दोघांना लिहावं लागलं. ताईंनी लिहिलं, "मोजण्यात चूक झाली." ताई आणि मोजण्यात चूक! लावू?

शिहो : लावा.

ओगिसो : शेवटाकडेच नेतो. दुकानदाराच्या घरी अँटेना वाकडी होती, चित्र थोडं थरथरतं. हा, आलं.

पडद्यावरची ताई : …आणि आता कोण बरं मोठं झालंय आज? कुराबेची माचिको!

पडद्यावरची ताई : ऐकलं हं मी.

शिहो : किती लहान आहे ही. माझ्या हाताखालच्या मुलीएवढी.

ओगिसो : बत्तीस वर्षांची. खाली कोपऱ्यात काळं दिसतंय ना? ते माझं डोकं.

पडद्यावरची ताई : नामेरिकावाचा र्‍योसाकू!

पडद्यावरची ताई : ऐकलं हं मी. किती मोठ्यांदा!

ओगिसो : दोन नावं पुढे सारतो. हा आपला दुकानदाराचा पोरगा, पाचवा.

पडद्यावरची ताई : आणि उओझूचा हिसानोरी!

पडद्यावरची ताई : ऐकलं हं मी.

ओगिसो : आता बघा. इथे त्यांनी म्हणायचं, "उद्या भेटू." मी हात फिरवतोय, चला, चला. बघा माझा हात.

पडद्यावरची ताई : …

ओगिसो : बघत नाहीयेत माझ्याकडे. एक, दोन, तीन. चार. पाच. आमच्या धंद्यात पाच सेकंदांची शांतता म्हणजे आग लागल्यासारखं असतं हो, वरून फोन खणखणायला लागले.

पडद्यावरची ताई : ऐकलं हं मी. उद्या भेटू!

ओगिसो : झालं. बघितलंत? सहावं कार्डच नव्हतं. कुणाचं नाव घेतलं नाही, पाच सेकंद थांबल्या, आणि वर "ऐकलं हं मी". मी विचारलं, ताई, कुणाचं ऐकलंत? तर म्हणाल्या, चुकलं रे, ओगिसो. तुम्ही… पाणी आणू का?

शिहो : आजीनं टीव्हीला दोन थपडा मारल्या होत्या.

ओगिसो : कधी?

शिहो : तेव्हा. मी दारात बसून बूट घालत होते. आतून आवाज आला, थाड थाड. आजी म्हणाली, "मेला बंद पडला वाटतं." मला वाटलं मी कापड टाकलं म्हणून चिडलीय, आणि टीव्हीवर राग काढतेय. आवाज गेला होता, काका. आवाज गेला म्हणून मारलं तिनं.

ओगिसो : थांबा. नऊ फेब्रुवारी. तुमचा वाढदिवस म्हणालात.

शिहो : नाव घ्यायची बंदी होती तिला. नुसतं थांबायची नव्हती.

ओगिसो : अरे देवा.

शिहो : आणि शनिवारी घरी आली असेल तेव्हा आजीनं सांगितलं असेल, पोरगी तर अंगणात होती.

ओगिसो : कधी बोलल्या नाहीत तुमच्याशी?

शिहो : शेवटच्या रविवारी बोलली. मला म्हणाली, तुला पाच लागतात. मी म्हटलं, मुळा किडका आहे.

ओगिसो : शिहोबाई, मी असं करतो. बाहेर जाऊन ते मुळे काढतो. आमच्याकडेही कोंड्यात घालतात, मला जमतं. हे मागे नेण्याचं बटण, हे थांबवायचं. मला अर्धा तास तरी लागेल. जास्तच लागेल.

शिहो : शिडी हलते. जपून.

ओगिसो : दार ओढून घेतो.

पडद्यावरची ताई : आणि उओझूचा हिसानोरी!

पडद्यावरची ताई : ऐकलं हं मी.

पडद्यावरची ताई : …

पडद्यावरची ताई : ऐकलं हं मी. उद्या भेटू!

शिहो : नाही गं. खोटं ऐकलंस. मी ओ दिलीच नव्हती. थांब, मागे नेते. बटण सापडत नाहीये. थांब हं.

पडद्यावरची ताई : ऐकलं हं मी.

पडद्यावरची ताई : …

शिहो : ओ, आई.