शेवटचं पाणी

अंजनाच्या लेकीचं लग्न इंझोरीत झालं, ते शहात्तर साल. त्याच दिवाळीला लेकीला माहेरी आणायला निघालेली अंजना मंगरूळपीरच्या स्टँडवर बसली होती. शेजारी दवाखान्यातून आलेला एक म्हातारा खोकत होता, आणि त्याची बहीण गाठोडं धरून होती. अंजना उगाच पिशवीची गाठ सोडबांध करत होती. कान मात्र तिकडेच.

"ग्यानबा, ऊठ. अकोल्याची गाडी लागली."

"कायले? डॉक्टर म्हणाला ना, आता दवा लागू होत नाही."

"तिथं नळी लावून महिनाभर जगवतात म्हणे."

"सोजरे, तोंडात नळी असल्यावर मी बोलू कसा?"

"तेवढाच गावाले आराम."

"अन् शेवटचं पाणी कुठून पाजशील? नळीतून?"

"अभद्र बोलू नको."

"मायले तू पाजलं, बापाले तू पाजलं. मलेच काहून परक्याच्या हवाली करून राह्यली?"

"लोक म्हणतील, बहिणीनं भावाले मारलं."

"मंग साक्ष ठेवू. ओ बाई, तुमी ऐकलं ना? मले नळी नको, इंझोरीले घरी मरू द्या. हा माहा शब्द हाय."

"ऐकलं, भाऊ. इंझोरीत माही लेक दिली हाय. कोणी विचारलं तर सांगीन मी."

"पाय सोजरे, आपल्याच गावची इहीण साक्षीले भेटली."

"तुले मरता मरताबी वकिली सुचते."

"इंझोरीची गाडी आली. गाठोडं दे इकडं."

"राहू दे, मी धरते. तू फकत चढ."

ग्यानबा त्याच माघात इंझोरीला आपल्या घरी वारला. पाणी सोजरबाईनं पाजलं.