आधी तपास, मग चालू

ता. १५/७/१९९९

मी कानिफनाथ सूर्यभान गर्जे, वय ४२ वर्षे, धंदा नोकरी (कॉलेजात संगणक प्रयोगशाळा प्रमुख), मूळ गाव पाथर्डी, हल्ली राहणार सावेडी, अहमदनगर. पोलीस ठाण्यात समक्ष विचारल्यावरून जबाब लिहून देतो की,

कॉलेजची पाने इंटरनेटवर दाखवणारा सर्व्हर हा मशीनमधला प्रोग्राम माझ्या ताब्यात आहे. तो बटणाने चालत नाही, काळ्या पडद्यावर हुकूम टाइप करावे लागतात. चालू, बंद आणि तपास, म्हणजे सेटिंगच्या फाईलमध्ये चूक आहे का ते पाहणे, असे ते हुकूम. माझ्या हाताखाली रॉबिन यशया साळवे, वय २३, रा. कोल्हार, हा काम करतो. चालू करण्याआधी तो दर वेळी तपासाचा हुकूम देतो. बाकी कोणी देत नाही. मुहूर्त बघतोस का रे, असे म्हणून मी त्याला चिडवत असे.

माझ्या चुकीवरून घडलेला प्रकार असा. शुक्रवार ता. ९ रोजी सकाळी दहाला सर्व्हरवर प्रवेशाची यादी लागायची होती. साडेनऊला मी सेटिंगच्या फाईलमध्ये बदल केला आणि न तपासता सर्व्हर बंद करून पुन्हा चालू केला. तो चालू झाला नाही. दारात पालकांची गर्दी, समोर प्राचार्य. मी रॉबिनचे नाव सांगितले. सर्वांसमोर त्याला कामचुकार म्हणालो. तो एवढेच म्हणाला, "सर, फाईलीला मी हात लावला न्हाई." चुकलेली ओळ त्यानेच शोधली, सर्व्हर चालू करून दिला आणि टेबलावर प्रयोगशाळेची किल्ली ठेवून निघून गेला. तो अजून घरी पोचलेला नाही.

सोमवारी सकाळी सहाला वीज गेली. वीज आल्यावर मशीन आपोआप सुरू होते, सर्व्हर होत नाही. आठला मी गेलो तर तो चालू होता. फोनच्या लाईनीवरून बाहेरच्या संगणकावरूनही हुकूम देता येतात. मशीनमध्ये नोंद होती: रॉबिनचे नाव, वेळ ६.४०, आधी तपास, मग चालू. ती वाचून माझ्या जिवात जीव आला. प्राचार्यांना वाटले, त्याचा पासवर्ड कोणाच्या तरी हाती लागला. त्यांनी तो बदलायला सांगितला. मी बदललेला नाही.

मंगळवारी त्याची आई मरियाबाई त्याला शोधत कॉलेजात आल्या. त्यांना हे सांगितले. त्या म्हणाल्या, "मग रोज बंद करा, साहेब. काम अडलं म्हंजी तो गप बसायचा न्हाई." त्या दिवशी आणि काल संध्याकाळी मी सर्व्हर मुद्दाम बंद केला. दोन्ही वेळा सकाळी तो चालू मिळाला, तपास करूनच. फोन कोठून येतो हे टेलिफोन खात्याकडून काढावे, अशी माझी विनंती आहे.

बाहेरून आत येणाऱ्याला पडद्यावर आधी एक सूचना दिसते. तिथे मला लिहिता येत होते. पण ती प्राचार्यही वाचतात, म्हणून तीन दिवस लिहिले नाही. याची मला लाज वाटते. आज इकडे येण्यापूर्वी सर्व्हर बंद केला आणि लिहिले, "रॉबिन, चूक माझी होती. आई वाट बघते." खाली माझे पूर्ण नाव घातले.

जबाब हवालदारांनी मोठ्याने वाचून दाखवला. त्यात 'कामातील चुकीवरून' असे आले होते. ते खोडून 'माझ्या चुकीवरून' करून घेतले व तिथे वेगळी सही केली. बाकी सर्व मी सांगितले तसेच आहे.