सूप सहा जणांचं

...सहा जणांसाठी! नाही, मला एक सांगा, माझ्या घरी सहा जण राहतात असं कुणी सांगितलं हो त्या पाककृतीवाल्या बाईला? मुलीनं फोनवर पाठवली होती. म्हणाली, बाबा, आई गेल्यापासून नुसतं दूध-ब्रेड खाताय, इटालियन पद्धतीचं भाज्यांचं सूप करा, एका पातेल्यात सगळं होतं, पोटही भरतं. बरं म्हटलं, चष्मा लावला, वाचायला बसलो, तर पहिलीच ओळ... सहा जणांसाठी!

आता तुम्हाला सांगतो, मी चाळीस वर्षं शिंपीकाम केलेला माणूस. थोरल्या भावाचा ढगळ कोट धाकट्याच्या अंगावर चपखल बसवून दिलाय, मला काय सूप लहान करता येत नाही? सहानं भागलं. दोन गाजरांचा सहावा भाग म्हणजे बोटाची दोन पेरं. पण हात शिंप्याचा ना... बेतताना चार बोटं जास्तच धरायची, कमी पडलं तर जोड देत बसावं लागतं. म्हणून गाजर अख्खं घेतलं. बटाटाही अख्खा, उरला तर काळा पडतो. मग कोबी, फरसबी, टोमॅटो, सगळ्यात चार बोटं जास्त! राजम्याचा डबा फोडला, आता त्यातला सहावा भाग काढून डबा परत शिवता येतो का, तुम्हीच सांगा! वर मूठभर मॅकरोनी, ती मेली फुगली. मग पाणी वाढवलं, पाणी वाढलं म्हणून मीठ, मीठ जास्त झालं म्हणून आणखी बटाटे... शेवटी हिचं मोठं पातेलं काढावं लागलं. ही गेली तेव्हा घरात माणसं जमली होती, त्यानंतर ते आजच खाली उतरलं. त्यात सगळं ओतलं आणि बघतो तर काय, बरोब्बर... सहा जणांसाठी!

ही असती तर म्हणाली असती, "अहो, पलटण येणार आहे का जेवायला?"

येऊ दे की, म्हटलं. टेबल पुसलं, दोन वाडगे मांडले आणि शेजारच्या नर्सबाईंची बेल वाजवली. जिन्यात भेटल्या की नेहमी म्हणतात, काका, एकदा निवांत येते तुमच्याकडे. दार उघडलं, चेहरा दमलेला, हातात चमचा. "अय्या काका, आत्ताच जेवायला बसले हो. सूप केलंत? फोटो पाठवा ना!"

त्यांचं काही चुकलं नाही हो, दिवसभर उभं राहून आलेली बाई.

घरी आलो, तर मुलीचा फोन. जमलं का, विचारलं. जमलं म्हटलं. तिलाही फोटोच हवा! फोटो सगळ्यांना हवा, सूप कुणालाच नको. काढला फोटो, दोन्ही वाडगे भरून काढला, उगाच तिला काळजी नको. तर ती केवढी खूश! "बाबा, कोण आलंय जेवायला?"

"आलंय एक जण," म्हटलं, "गडबडीत आहे, ठेवतो."

मग एक वाडगा खाल्ला. चांगलं झालं होतं हो, खरंच चांगलं झालं होतं, हेच कुणाला तरी सांगायचं होतं. दुसरा परत पातेल्यात ओतला, झाकण ठेवलं. सहा जणांसाठीच होतं ना? एक आज जेवून गेला. उरलेले पाच उद्यापासून येतील एकेक करून... मापं घ्यायला नकोत, सगळ्यांची पाठ आहेत मला.